अंगणातील झाडाची तहान

सकाळी आठच्या सुमारास अंगणातील झाडाच्या एका डहाळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि तिचे तोंड सुतळीने घट्ट बांधा. दोन तासांनी पाहा. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. हे पाणी आले कोठून?

ते आले जमिनीतून. मूलरोमांनी शोषलेले पाणी खोडातील जलवाहिन्यांतून पानांपर्यंत चढते आणि पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५ हून अधिक भाग असा उडून जातो.

मग ही उधळपट्टी समजायची का? नाही. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू याच रंध्रांतून आत येतो. तो आत घ्यायचा, तर पाणी बाहेर जाणारच. शिवाय पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. ३० अंश सेल्सिअसला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी सोडले, तर ५ कोटी ८० लाख कॅलरी शोषल्या जातील. ही उष्णता सुमारे ६७ युनिट विजेइतकी होते! झाडाखालचा गारवा केवळ सावलीचा नसतो, तो असा.

उन्हाळा कडक झाला आणि जमिनीतील ओल आटली, की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. त्यामुळे रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते, पण अन्ननिर्मिती मंदावते आणि पाने तापतात. कोरड आणखी वाढली, तर जलवाहिन्यांतील ताणलेला पाण्याचा स्तंभ तुटतो व तेथे हवेचे बुडबुडे होतात. अशा वाहिन्या निकामी होऊन फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात.

त्यातच पिठ्या ढेकूण किंवा खवलेकीड पडली, तर? हे कीटक सोंड खुपसून झाडाचा अन्नरस पितात. म्हणजे ते मुख्यतः साखर पळवतात. साखर कमी पडली, की नवी मुळे फुटत नाहीत. मुळे कमी, म्हणून पाणीही कमी. कीटकांच्या गोड, चिकट विष्ठेवर काळी बुरशी वाढते आणि पानांचा उजेड अडवते. असे हे दुष्टचक्र आहे.

शहरातील उष्णता या चक्राला गती देते. अमेरिकेतील रॅले शहरात विलो ओक वृक्षांचा अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शहराच्या सर्वांत उष्ण भागांत खवलेकीड थंड भागांच्या मानाने १३ पटींपर्यंत अधिक आढळली. आपल्या मुंबईतही २०१० नंतरच्या दशकात अनेक पर्जन्यवृक्ष वाळले. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण होते, आणि पुष्कळांच्या बुंध्याला काँक्रीट भिडलेले होते. काँक्रीटमुळे पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून केवळ औषध फवारून भागत नाही. अंदाधुंद फवारणीने तर कीड खाणारे ढालकिडेही मरतात. बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवणे हा पहिला उपाय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवती १ मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. पाणी बुंध्याशी ओतू नका; पाणी शोषणारी बारीक मुळे दूरवर पसरलेली असतात. फांद्यांच्या घेराखाली सावकाश पाणी द्या आणि वर पालापाचोळा पसरा.

करून पाहा : एकाच जातीची, साधारण सारख्या वाढीची दोन झाडे निवडा, एक मोकळ्या मातीतले, दुसरे फरशीने वेढलेले. प्रत्येकाच्या तीन डहाळ्यांना, सारखी पाने मोजून, एकाच वेळी पिशव्या बांधा. दोन तासांनी पिशव्या सोडा. अधिक वेळ ठेवल्यास पाने भाजतील. जमलेले पाणी मोजपात्रात मोजा. सावलीतील तापमान आणि डहाळीवरील कीटकांची संख्याही वहीत लिहा. महिन्यातून दोनदा, असे वर्षभर करा. ही वही तुमच्या सोसायटीच्या सभेत दाखवा. अंगणात फरशी कोठवर घालायची, हे ठरवताना तिचा उपयोग होईल.