घरातील घोडी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

इयत्ता तिसरी-चौथीस पाळीव प्राण्यांचा पाठ शिकविताना घोड्याचे प्रकरण बहुधा चटकन आटोपले जाते. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, घोडा ओझे वाहतो, एवढे फळ्यावर लिहून शिक्षक पुढे सरकतात. यात त्यांचा फारसा दोष नाही. आता घोडा दृष्टीस पडतो तो वरातीत किंवा जत्रेत, आणि पुस्तकातला घोडा म्हटला की तो रणांगणावरचाच असावयाचा. परंतु पुणे, सातारा, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांतील शिक्षकांस एक सोय अनायासे उपलब्ध आहे. पावसाळा सरला की मेंढपाळ धनगरांचे वाडे गावोगावच्या शेतांत उतरू लागतात, आणि वाड्याबरोबर घोड्या असतात. पाठाचा आरंभ तेथून करावा.

ही घोडी भीमथडी जातीची. भीमेच्या थडीवर, म्हणजे काठावर, वाढली म्हणून हे नाव. मराठ्यांच्या फौजेत याच काटक घोड्यांचा भरणा असे. फौजा गेल्या, पागा मोडल्या. मेंढपाळांनी मात्र ती सांभाळली. २०२३-२४ मध्ये या जातीची स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, याचे पुष्कळसे श्रेय या बिऱ्हाडांकडे जाते.

वाडा हलतो तेव्हा घोडीच्या पाठीवर काय काय असते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. पालाचे कापड, भांडीकुंडी, धान्याची पोती, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे. आणि या साऱ्यांवर बसलेले, अजून नीट चालता न येणारे लेकरू. आईने आपले मूल जिच्यावर निःशंकपणे बसवावे, तिला केवळ ओझ्याचे जनावर कसे म्हणावे? घोडा नीट राखल्यास पंचवीस-तीस वर्षे जगतो. ज्या घोडीवर बसून मुलगी पहिला घाट चढली, तीच घोडी तिच्या लग्नापर्यंत दारात उभी असू शकते.

घोडीला माणूस कळतो, असे वाड्यावरील लोक सांगतात. यास शास्त्राचाही आधार आहे. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली. रागावलेला चेहरा पाहताच त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले. घोडा हा कळपाचा प्राणी असल्याने सोबत्याचा भाव ओळखणे ही त्याची गरजच आहे. एकटा बांधून ठेवलेला घोडा झुरतो. तो उभ्याने डुलकी घेतो खरा, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवेच व्हावे लागते, आणि निर्भय वाटल्यावाचून तो आडवा होत नाही.

आता जिव्हाळ्याच्याच पोटी होणारा एक अपाय सांगावयास हवा, आणि यावर थोडा अधिक वेळ द्यावा. घोडा गाईप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. मोकळा सोडल्यास तो दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरतो. गवताचे पचन पुढे मोठ्या आतड्यात, सूक्ष्म जीवांच्या साह्याने होते. शिवाय जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की घोड्यास उलटी करता येत नाही. म्हणून लग्नातले उरलेले गोडधोड, शिळा भात किंवा एकदम पाटीभर धान्य मायेने पुढे केले, तर पोटशूळ उठतो, टापांना सूज येऊन जनावर लंगडे होते, प्रसंगी प्राणही जातो. तोबऱ्यातील चंदी बेतानेच घालावी. पोट भरावयाचे ते गवताने. जमीन उकरणे, वारंवार कुशीकडे पाहणे, अंग टाकून लोळणे ही पोटशूळाची चिन्हे मुलांनी ओळखावी. ती दिसताच खाणे बंद करून पशुवैद्यास बोलवावे. घरगुती औषध नळीने घशात ओतण्याची चाल घातक आहे, कारण ते फुप्फुसात जाण्याचा संभव असतो.

जवळ जाण्याची रीत वर्गातच करवून घ्यावी. डोळे दोन्ही बाजूंस असल्याने घोड्यास सभोवार दिसते. फक्त थेट मागचे व अगदी नाकासमोरचे दिसत नाही. तेव्हा मागून जाऊ नये. बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. कान मागे चिकटविले असतील तर थांबावे.

हे सारे वाड्यावरील मुलास अगोदरच ठाऊक असते. ते चार दिवसांसाठी शाळेत येते, म्हणून पुष्कळदा मागच्या ओळीत गप्प बसून राहते. दाखला नाही या कारणास्तव त्यास प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरविलेच आहे. परंतु पटावर नाव चढल्याने त्याचे तोंड उघडत नाही. “तुमची घोडी पाणी कधी पिते रे? शिंगरू जन्मल्यावर किती वेळाने उभे राहिले?” असे त्याला विचारावे. शिंगरू तासाभरात उभे राहते, हे शिक्षकाने सांगण्यापेक्षा ज्याने ते रात्री जागून पाहिले त्याने सांगितलेले बरे.

शेवटी चित्र काढावयास द्यावे. बहुतेक मुले घोड्याच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा वळलेला काढून थबकतात. तो गुडघा नव्हेच. ती टाच आहे. गुडघा वर, पोटाशी असतो, आणि खूर म्हणजे एकाच बोटाचे वाढलेले नख होय. ज्याच्या घरी घोडी आहे त्याच्या चित्रात हा पाय बहुधा बरोबर उतरतो; ते चित्र फळ्याशेजारी लावावे.