निरोगी माणसाचा विमा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, अथवा नोकरीनिमित्त काही वर्षे येथे वास्तव्यास आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांकडून मजकडे जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा आढळतो: प्रकृतीची काहीच तक्रार नसताना डॉक्टरांकडे कशासाठी जावे, आणि गेल्यास त्याचे बिल कोणी भरावे? प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. उत्तरार्धाचे उत्तर येथील कायद्याने २०१० साली दिले, आणि तरीही आपल्यापैकी पुष्कळांच्या कानी ते अद्याप नीटसे पोहोचलेले दिसत नाही. म्हणून आजचा हा सल्ला औषधाविषयी नसून हक्काविषयी आहे.

२३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ज्या ‘ॲफोर्डेबल केअर ॲक्ट’वर स्वाक्षरी केली, त्यातील एका कलमाने विमा कंपन्यांवर आणि कर्मचाऱ्यांचा विमा स्वतःच्या तिजोरीतून चालविणाऱ्या मालकांवर असे बंधन घातले की, काही ठरावीक प्रतिबंधक सेवांचा संपूर्ण खर्च त्यांनी सोसावा, आणि त्याकरिता विमाधारकाकडून को-पे किंवा डिडक्टिबल यांपैकी एक पैसाही मागू नये. या सेवा कोणत्या, हे कंपनीच्या मर्जीवर सोपविलेले नाही. प्रौढांच्या तपासण्यांकरिता १९८४ साली स्थापन झालेले, सोळा तज्ज्ञांचे ‘प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स’ हे मंडळ पुराव्याची छाननी करून शिफारशींना श्रेणी देते, आणि ज्यांना ‘ए’ अथवा ‘बी’ श्रेणी मिळते, त्याच या तरतुदीत येतात. लसी, मुलांच्या तपासण्या आणि स्त्रियांच्या विशेष सेवा यांच्या याद्या सरकारी आरोग्यखात्याच्या छत्राखाली स्वतंत्रपणे ठरतात.

अशी सक्ती कशासाठी, असे कोणी विचारील. ज्याला आपल्या प्रकृतीची काळजी आहे, तो पदरचे चार पैसे खर्चून तपासणी करून घेणार नाही काय? अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. ज्याच्या पोटात कळ उठली आहे, तो किमतीचा विचार न करता दवाखाना गाठतो. परंतु वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढती साखर, आतड्यात आकार घेणारी गाठ यांना वर्षानुवर्षे वाचा नसते, आणि ज्या दुखण्याला वाचा नाही, त्याच्यासाठी शंभर डॉलर बाहेर काढणे सधन मनुष्याच्याही जिवावर येते. १९७० च्या दशकात ‘रँड’ या संस्थेने हजारो अमेरिकन कुटुंबांना निरनिराळ्या अटींचे विमे देऊन जो विख्यात प्रयोग केला, त्यात असे दिसून आले की खिशातून पैसे द्यावे लागले म्हणजे लोक उपचार कमी घेतात हे खरे, परंतु निरुपयोगी तेवढेच टाळून उपयुक्त तेवढे ठेवण्याचा विवेक त्यांच्याने होत नाही. दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटतात. शिवाय, ज्या गरीब रुग्णांना आधीपासूनच रक्तदाब होता, त्यांचा रक्तदाब मोफत उपचार मिळालेल्या गटात अधिक आटोक्यात राहिला. ज्या तपासणीची उपयुक्तता सिद्ध झाली आहे, तिच्या दारावर जकात बसविणे हे म्हणूनच अनिष्ट होय.

या धोरणाच्या बाजूने बोलताना एक अतिशयोक्ती मात्र टाळली पाहिजे. प्रतिबंधामुळे एकूण खर्च नेहमी वाचतोच, असे नाही. बालकांच्या अनेक लसी समाजाचा पैसा खरोखर वाचवितात. परंतु कर्करोगाच्या पुष्कळशा तपासण्यांवर जितका खर्च होतो, तितका परत मिळत नाही. मिळतात ती निरोगी आयुष्याची वर्षे, आणि विम्याने रुग्णालयाचा खर्च द्यावा असे आपण ज्या न्यायाने म्हणतो, त्याच न्यायाने ही वर्षेही त्याने विकत घ्यावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. याच कारणास्तव आकर्षक पुस्तिकांतून विकल्या जाणाऱ्या ‘फुल बॉडी’ तपासण्यांचा भार विम्याने उचलू नये, हेही मला मान्य आहे. प्रोस्टेटसाठी होणाऱ्या पीएसए चाचणीलासुद्धा ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांकरिता २०१८ साली ‘सी’ श्रेणीच मिळाली, म्हणजे तिचा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी परस्परविचाराने करावयाचा आहे. सक्ती हवी ती सिद्ध झालेल्या गोष्टींचीच.

आता आपल्या लोकांनी विशेषेकरून काय मागून घ्यावे, ते सांगतो. ३५ ते ७० या वयात वजन प्रमाणाबाहेर असल्यास मधुमेहाची तपासणी या यादीत आहे. आणि आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून त्यांच्या बाबतीत बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरण्याचा विचार डॉक्टरांनी करावा, असे त्या मंडळाने २०२१ साली सुचविले आहे. १७० सेंटिमीटर उंचीच्या गृहस्थास ही मर्यादा सुमारे साडेसहासष्ट किलोंवरच लागू होते. आरशात जो सडपातळ दिसतो, त्यानेही हे ध्यानात ठेवावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी आता पन्नाशीला नव्हे, तर ४५ व्या वर्षापासून सुरू होते. स्त्रियांनी ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम, आणि २१ ते ६५ या वयात गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये. सर्व प्रौढांचा रक्तदाब, भारतासारख्या देशात जन्मलेल्यांची हेपटायटिस-बीची तपासणी, पन्नाशीनंतर नागिणीची लस, हीदेखील याच तरतुदीत मोडतात.

इतके असूनही बिले येतात, आणि त्यांची कारणे समजून घेतली म्हणजे पुष्कळ मनस्ताप वाचतो. वार्षिक तपासणीसाठी गेला असता आपण गुडघेदुखीचा विषय काढलात, किंवा चालू औषधात फेरबदल करून घेतलेत, तर तेवढ्या भागाचे वेगळे बिल लागू शकते. एकच कोलोनोस्कोपी ‘स्क्रीनिंग’ म्हणून नोंदली तर मोफत, आणि रक्तस्राव झाला म्हणून केली तर ‘डायग्नोस्टिक’ ठरते. मात्र स्क्रीनिंगच्या वेळी पॉलिप काढला, किंवा गुंगीचे औषध दिले, तर त्याचा आकार खासगी विमाधारकास पडता कामा नये. मलतपासणीत दोष आढळल्यावर करावी लागणारी कोलोनोस्कोपीही ३१ मे २०२२ पासून पुढे सुरू झालेल्या विमावर्षांत या संरक्षणाखाली आली आहे. डॉक्टर नेटवर्कबाहेरचे असतील, विमा अल्पमुदतीचा असेल, किंवा कायद्यापूर्वीपासून तसाच चालत आलेला असेल, तर हा हक्क सांगता येत नाही. म्हणून तारीख ठरवितानाच दवाखान्यात विचारावे की ही सेवा कोणत्या कोडाखाली रुजू होणार आहे. दावा चुकीने नामंजूर झाल्यास निमूटपणे चेक लिहू नये: निर्णय हाती आल्यापासून १८० दिवसांच्या आत कंपनीकडे लेखी अपील करता येते, आणि वैद्यकीय कारणावरून तेथेही नकार मिळाल्यास त्रयस्थ परीक्षकाकडे दाद मागण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे.

भारतातून चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांविषयी वेगळे सांगणे अगत्याचे आहे. त्यांच्यासाठी आपण जो प्रवासी विमा घेता, तो या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यात प्रतिबंधक तपासण्या सहसा नसतात, आणि जुन्या व्याधींबाबत कडक अटी असतात. त्यांचा रक्तदाब, साखर, डोळे, दात यांची तपासणी निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी, औषधांचा पुरेसा साठा आणि जेनेरिक नावांनिशी लिहिलेली चिठ्ठी बरोबर द्यावी.

हा हक्क अबाधित आहे, असे समजून स्वस्थ बसण्याचीही सोय नाही. टेक्सासमधील काही मालकांनी त्या मंडळाच्या नियुक्त्यांनाच आव्हान दिले होते. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही तरतूद वैध ठरविली, परंतु त्याबरोबरच मंडळाचे सदस्य आरोग्यमंत्र्यांना दूर करता येतात आणि त्यांच्या शिफारशी तपासण्याचा अधिकारही मंत्र्यांना आहे, हे स्पष्ट केले. अर्थात यादी पुराव्यावर चालते की राजकारणावर, यावर नागरिकांची नजर असणे आवश्यक झाले आहे. ज्यांना येथे मताधिकार आहे, त्यांनी आपल्या काँग्रेस-प्रतिनिधीस याविषयी जरूर लिहावे.

वाचकहो, दर पगारातून विम्याचा जो हप्ता कापला जातो, त्यात या तपासण्यांची किंमत आपण भरून चुकलेले आहात. तक्रार नसताना डॉक्टरांकडे जाण्यात संशयीपणा नाही आणि चैनही नाही. ज्या रोगांना आरंभी वाचा नसते, त्यांच्याशी बरोबरीने झुंजण्याचा तोच एक काळ असतो. कार्डामागील क्रमांकावर दूरध्वनी करा, आपल्या वयाला कोणत्या तपासण्या लागू आहेत ते विचारून घ्या, आणि या महिन्यातच त्यांची तारीख ठरवा.