कमवा आणि शिका : पदवीसोबत पगारी प्रशिक्षण घेताना काय पाहावे?



बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमच्या दारात पालकांची ये-जा सुरू होते. मी कॉमर्स शिकवतो, त्यामुळे "सर, आता पुढे काय घालू हिला?" हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. यंदा एक ताई आल्या. मुलीला ७१ टक्के. हातात एका कॉलेजचं माहितीपत्रक. म्हणाल्या, "सर, यात लिहिलंय, पोरगी बी.कॉम. पण करेल आणि महिन्याला नऊ हजार पण मिळतील. हे खरं असतं का हो? का नुसतं पोरांना कामाला जुंपतात?"

मी त्यांना सांगितलं, दोन्ही असतं. खरंही असतं आणि जुंपतातही. आपल्या मुलाच्या वाट्याला यातलं काय येणार हे प्रवेश घेण्याआधी बऱ्यापैकी ओळखता येतं. आजचा लेख त्यासाठीच.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. तिथे मुलं शेतात, बागेत, बांधकामावर राबायची आणि त्यावर शिकायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेलं असेल. आजही विद्यापीठांमध्ये 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं, बागकाम, असं रोज दोन-तीन तासांचं काम आणि तासावर मानधन. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची मेस यावर चालली आहे.

पण इथे एक फरक नीट लक्षात घ्या. या योजनेत काम हे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी असतं. इतिहासाचा विद्यार्थी बागेला पाणी घालतो, त्याचा इतिहासाशी संबंध नसतो आणि असावा अशी अपेक्षाही नसते. त्या ताईंच्या माहितीपत्रकातली गोष्ट वेगळी होती. तिथे कामालाच अभ्यासाचे गुण मिळणार होते.

ही दुसरी पद्धत सुरू झाली अमेरिकेत. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. १९०६ मध्ये त्यांनी २७ विद्यार्थी घेतले आणि त्यांना एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात असं आलटून पालटून पाठवलं. कारखान्यात मजुरी मिळायची. पुढे कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पायावर उभं राहिलं. तिथे साधारण चार महिने अभ्यास, चार महिने काम, पुन्हा अभ्यास, असं चक्र चालतं. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केलं. त्यात मुलं कंपनीत जातात तेव्हा त्यांच्याबरोबर संस्थेचे प्राध्यापकही असतात.

मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही की, मूल कामावरून वर्गात परत येतं आणि वर्गातलं माणूस कामाच्या ठिकाणी जातं. ये-जा दोन्ही बाजूंनी आहे. हा धागा तुटला की उरते ती फक्त स्वस्तातली नोकरी.

आता महाराष्ट्रात काय चाललंय ते पाहू. नावांचा फार गोंधळ आहे, म्हणून थोडं सावकाश वाचा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत 'ओजेटी', म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आलं आहे. ते चार क्रेडिटचं, म्हणजे साधारण १२० तासांचं. यात पैसे मिळतीलच असं नाही, बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. दुसरा प्रकार अप्रेंटिसशिप जोडलेली पदवी. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर विद्यार्थी आस्थापनेत शिकाऊ उमेदवार म्हणून काम करतो, त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात आणि त्याला विद्यावेतन मिळतं. ताईंनी आणलेलं माहितीपत्रक या प्रकारातलं होतं.

आणि तिसरा गोंधळ म्हणजे सरकारी योजनांचा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजना या दोन्ही २०२४ मध्ये आल्या. पण त्या पूर्णवेळ शिकत असलेल्या मुलांसाठी नाहीत. कॉलेजात नियमित प्रवेश असताना कुणी "यात नाव घालून देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

नऊ हजार हा आकडा कुठून आला? शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांत २०१९ मध्ये बदल झाला तेव्हा पदवीच्या अप्रेंटिससाठी दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले गेले. केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत नोंद असेल तर किमान रकमेचा निम्मा वाटा सरकार उचलतं. म्हणजे कंपनीला माणूस साडेचार हजारांत पडतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, शिकवायला खर्च येतोच. पण कंपनी उत्सुक का आहे हे पालकांना माहीत असावं.

आता मला एका विद्यार्थ्याबद्दल सांगायचं आहे. नाव सांगत नाही, गावही नाही. घरची दोन एकर जिरायती. तिसऱ्या वर्षाला असताना त्याला शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात सहा महिन्यांसाठी घेतलं. वडिलांनी पेढे आणले होते. आम्ही बसून हिशेब केला होता : कॉट बेसिसवर खोली २,५००, मेस ३,२००, शेअर रिक्षा ९००, मोबाईल-साबण-किरकोळ ५००. म्हणजे नऊ हजारांतून ७,१०० गेले आणि १,९०० उरले. ते तो घरी पाठवायचा. तरीही घर खूश, कारण आता घरून पैसे पाठवावे लागत नव्हते.

सहा महिने तो एकाच टेबलावर उभा होता. खोका आला की बारकोड स्कॅन करायचा, पट्टी चिकटवायची, पुढे सरकवायचा. सीझनमध्ये रात्रपाळी, बारा-बारा तास. जादा तासांचे पैसे रोखीने. कायद्यात अप्रेंटिसकडून सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मिळाली नाही, एक विषय राहिला. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर 'पुरवठा साखळी व्यवस्थापन' असं भारदस्त नाव. पुढे एका मुलाखतीत त्याला विचारलं, "पुस्तकातला साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळला नाही तर काय करतोस?" त्याला सांगता येईना. लाखभर खोकी त्याच्या हाताखालून गेली असतील, पण साठ्याची नोंदवही त्याला कुणी दाखवली नव्हती.

त्या सहा महिन्यांत मी तिथे एकदाही गेलो नाही. कॉलेजकडून पत्र गेलं होतं, हजेरीचा कागद येत होता, सही होत होती. मला वाटलं सगळं ठीक आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आपल्यापैकी बरेच जण हेच करत असणार म्हणून लिहितोय.

त्यानंतर मी मुलांना एक साधी दोनशे पानी वही ठेवायला सांगतो. आम्ही तिला 'कामाची वही' म्हणतो. रोज तीन ओळी. आज काय केलं, काय कळलं नाही, कुणाला विचारलं. पहिली ओळ सगळे लिहितात. खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. सुरुवातीला मुलं लिहितात 'सगळं कळलं'. अशा वहीवर मी लाल पेनने प्रश्न काढतो : तू आज ज्या बिलावर शिक्का मारलास त्याच्या तीन प्रती का होत्या? तिसरी कुठे गेली? मग दुसऱ्या दिवशी तो जाऊन विचारतो. एका मुलीने औषधांच्या घाऊक दुकानात काम करताना लिहिलं होतं, 'मुदत संपलेला माल परत पाठवताना वेगळी नोट केली. का ते कळलं नाही.' त्या एका ओळीवर मी वर्गात क्रेडिट नोट आणि डेबिट नोटचा अख्खा तास घेतला. पुस्तकातून तो धडा मी पंधरा वर्षं शिकवत होतो, पण एवढे प्रश्न कधीच आले नव्हते.

आणि वही बघता बघता आणखी एक कळतं. सलग तीन आठवडे पहिली ओळ तीच असेल, तर मूल शिकत नाहीये. मग मी उठून जातो. गेल्यावर भांडत नाही. सुपरवायझरला एवढंच म्हणतो, "साहेब, हिला आता दुसऱ्या टेबलावर बसवता येईल का?" बहुतेक वेळा ते बसवतात. त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

पालकांनी मात्र आधी कागद बघायचा. अप्रेंटिसशिपचा करार लेखी असतो आणि त्याची नोंद पोर्टलवर होते. मूल अठराच्या आत असेल तर सही पालकाला करावी लागते, त्यामुळे वाचल्याशिवाय करू नका. करारात ट्रेड किंवा कामाचं स्वरूप काय लिहिलंय, मुदत किती, विद्यावेतन किती आणि ते बँकेत जमा होणार का, हे बघा. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याचा फायदा-तोटा दोन्ही आहे. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. "पर्मनंट करतो" असं कुणी तोंडी म्हणालं तर ते तोंडीच समजा. पण काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, आणि सुरक्षिततेचे नियम शिकाऊ मुलालाही लागू आहेत. करारच नसेल तर हे सगळं सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

मुलींच्या बाबतीत पाळीची वेळ आणि परतीची एसटी हे दोन प्रश्न लाजू नका, विचारा. मी एका ठिकाणी फक्त शेवटच्या गाडीची वेळ सांगून पाळी बदलून घेतली आहे.

तर त्या ताई. त्यांच्या माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाच प्रश्न लिहून दिले. कराराचा नमुना बघायला मिळेल का? कोणत्या सेमिस्टरला जायचं आणि त्याचे क्रेडिट किती? परीक्षेला सुट्टी लेखी मिळते का? मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोलता येईल का? आणि तुमचे शिक्षक कामाच्या ठिकाणी भेट द्यायला कधी जातात?

आठवड्याने त्या परत आल्या. चार उत्तरं चांगली मिळाली होती. नमुना करार त्यांनी झेरॉक्स करून आणला होता, मागच्या वर्षीच्या एका मुलीशी फोनवर अर्धा तास बोलल्या होत्या. पाचव्या प्रश्नाला तिथले सर म्हणाले होते, "भेटीला जात नाही, पण आम्ही दर महिन्याला फोन करतो."

"एवढं चालेल का हो सर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ताई, अजून एकदा जा आणि विचारा, फोन कुणाला करतात? मॅनेजरला की मुलीला?"