तिथीची पाऊणपट

परभणी,
कार्तिक वद्य अष्टमी

चि. सोनू,


त्रिपुरी पौर्णिमेला मी इथं वाती लावत होते, तेव्हा तू तिकडं कमरेएवढ्या पाण्यातून खडकावरून परत येत होतीस, हे काल शेजारच्या वहिनींकडून कळलं. त्यांचा भाचा रत्नागिरीत नोकरीला आहे. खरं किती, वाढवून सांगितलेलं किती, देव जाणे. पण शिंपले मोजायच्या नादात उशीर झाला आणि परतीची वाट पाण्याखाली गेली, एवढं तर खरं ना? दादाला मी सांगितलेलं नाही. ऐकलं तर पुन्हा उदगीरचं काढेल. मत्स्य महाविद्यालय तिथंही आहे, तळ्यातले मासे काय कमी आहेत शिकायला, असं तो तेव्हाही म्हणत होता. तू म्हणालीस, मला समुद्रच पाहिजे, शिरगावलाच जाणार. तुझ्या बाजूनं बोलले ती मी. आता झोप उडाली ती माझीच.

अगं, दिवाळीत ओट्यावर बसून तूच मला शिकवलंस, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेचे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती तर सव्वापाचला ओहोटी. म्हणजे दिवे लागायच्या वेळेला पाणी चढायला लागणार, आणि तेही उधाणाचं. उधाणात ओहोटी लांबवर जाते म्हणून तुला जास्त आत जायला मिळालं असेल, पण जितकं लांब गेलं तितकंच ते परत येतं ना? सहा तासांत पाणी सारखं चढत नाही, पहिल्या तासात बारावा हिस्सा, तिसऱ्या-चौथ्यात मिळून निम्मं, हे तुझ्याच वहीत वाचलं मी. खडकामागची सखल जागा आधी भरते, हेही तूच सांगितलंस. एवढं येत असून मान खाली घालून चौकटीतले शिंपले मोजत बसलीस? हातात घड्याळ नव्हतं का? आणि वर तुला पोहता येत नाही!

दोन वर्षं झाली त्या कॉलेजात. चार वर्षांची पदवी, निम्मी संपली. दर वेळी विचारते, दर वेळी म्हणतेस, शिकते गं आत्या.

विहिरीवर आजोबांनी दादाच्या पाठीला भोपळा बांधून त्याला पोहायला शिकवलं, ते तुला ठाऊकच आहे. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचे. पोरीच्या जातीला काय करायचंय, असं आजी म्हणाली आणि मी गप्प बसले. हट्ट करायला पाहिजे होता. पुढं कालव्यावर धुणं धुताना शेजारची पोर पाय घसरून पडली. माझ्यापासून दोन हातांवर. मी नुसती ओरडत राहिले. एका बाईनं लुगड्याचा पदर टाकून तिला ओढून काढलं. ती आज आजी झाली आहे, लग्नाकार्यात भेटते, पण तिच्या डोळ्यांकडं मला अजून नीट बघवत नाही. पाणी दिसलं की माझे पाय थांबतात ते तेव्हापासून. तुझे थांबत नाहीत, याचा मला आनंदच आहे गं. म्हणून तर पोहायला शिक म्हणते.

लागलं का तुला कुठं? कालवं पायाला कापतात म्हणाली होतीस. वहिनी म्हणाल्या, वही डोक्यावर धरून आलीस. हे ऐकून मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. येलदरीला सहलीला गेलो होतो तेव्हा सगळी पोरं धरण बघत होती, तू चिखलातल्या गोगलगायी फ्रॉकच्या ओच्यात भरून आणल्या होत्यास. मार खाल्लास, पण ओचा सोडला नाहीस.

पार्सलात शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू आणि एक बॅटरी आहे. सेल वेगळे ठेवलेत. एकटी जाऊ नकोस. पाऊणपट हा ढोबळ हिशेब आहे, कॉलेजातला भरतीचा तक्ता बघूनच निघ. रागावले ते मनात ठेवू नकोस, लेकरा.

कालनिर्णय आता चुलीशेजारी टांगलंय. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, भांगाचं पाणी. बाराला भाकरी थापताना वाटलं, आता खडक उघडे पडले असतील, सोनू वाकून बसली असेल. ऊन आहे, उजेड आहे. उद्या नवमी, पावणेसात.

तुझी,
आत्या