एकच मोबाइल, चाळीस मुलं

प्रश्न : दादरच्या मराठी शाळेत सातवीला गणित शिकवते. वर्गात मोबाइल फक्त माझा. फुकटची अ‍ॅप वापरायची तरी कशी?
– एक शिक्षिका, दादर (पश्चिम)

उत्तर : बाई, कहूट हे प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप तूर्त विसरा; त्यात सहसा मुलांच्या हाती यंत्रं लागतात. प्लिकर्स हे अ‍ॅप घ्या. त्याची कार्डं संकेतस्थळावरून फुकट छापता येतात. प्रत्येक मुलाचं काळ्या नक्षीचं कार्ड वेगळं. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. उत्तराची बाजू वर धरायची आणि तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोण चुकलं ते फक्त तुम्हाला दिसतं, त्यामुळे मागच्या बाकावरचाही बिनधास्त कार्ड उचलतो. मला ही गंमत सर्वांत मोलाची वाटते. कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका. खिडकीतला उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा गडबडतो. साधा जाड कागद बरा. काळ्या नक्षीवर बोटंही नकोत.

भूमितीला जिओजेब्रा हे अ‍ॅप आहेच. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतात. पुस्तकात असे कोड आणण्याची वाट सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवली. 2020चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. पण प्लिकर्सला आठवड्याला एकच तास, आणि प्रश्न पाचच ठेवा.