झाडीतली सायकल, मागे ड्रोन

प्रश्न : सह्याद्रीतल्या जंगलवाटांवर सायकल चालवतो. मागे येणाऱ्या ड्रोनने स्वतःचं चित्रीकरण करायचं आहे. काय काळजी घेऊ?

उत्तर : माळरानावर ड्रोन गुमान मागे येतो, झाडीत खरी पंचाईत होते. वाळक्या, बारीक काटक्या त्याच्या सेन्सरला अनेकदा दिसतच नाहीत. तुम्ही बुंध्याआड गेलात की त्याचा माग सुटतो. त्याहून घातक म्हणजे संपर्क तुटल्यावरची सेटिंग. बऱ्याच ड्रोनमध्ये ती ‘वर चढून परत ये’ अशी असते, म्हणजे थेट डोक्यावरच्या फांद्यांत! ती ‘जागीच थांब’ अशी करून घ्या. हेल्मेट, टीशर्ट भडक रंगाचे घाला. रिमोट मित्राकडे द्या. हँडल धरून ड्रोन उडवणं हा निव्वळ आचरटपणा. आणि आधी कडेकपारीत, उंच झाडांवर आग्यामोहोळ आहे का बघा. ते उठलं तर सायकलही कामाला येत नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हौशी वापरासाठी २ किलोपर्यंतच्या ड्रोनला पायलट परवाना लागत नाही. मात्र ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघूनच उडवा, त्यातल्या हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फुटांची आहे. अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पेटीसुद्धा उघडू नका.