सेल भरून ठेवू नकोस

ठाणे

चि. ओंकार,


तुमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत टाकीची पातळी सांगणारं यंत्र तू गच्चीवर बसवलंस. त्यातला 18650 मापाचा लिथियम-आयन सेल फक्त लाइट गेली की कामाला येतो, एरवी अडॅप्टर चालूच असतो. तरी वर्षभरात त्याची क्षमता निम्म्यावर आली, म्हणून तो माल खराब निघाला असं तू ठरवून टाकलंस. माझं मत वेगळं आहे. हा सेल वापरून झिजलेला नाही, पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हाळा सोसून झिजला आहे. काठोकाठ भरलेला सेल म्हणजे सुस्थितीतला सेल ही समजूत आधी सोड.

कारण सेलच्या आत आहे. ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर पहिल्या चार्जिंगपासून एक पातळ थर बसतो. तो सेलला सांभाळतो, पण पुढेही जाड होत राहतो आणि दर वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. व्होल्टेज आणि तापमान जितकं चढं, तितकी ही झीज वेगाने होते. कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीचे आकडे बघ: 25 अंशांत वर्षभर ठेवलेल्या सेलची क्षमता 40 टक्के चार्जवर 96 टक्के उरते, पूर्ण चार्जवर 80. तापमान 40 अंश असेल तर हेच आकडे 85 आणि 65 होतात. कल्याण-डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि गच्चीवरच्या बंद डब्यात तर त्याहून वर जातो. डबा टाकीच्या सावलीत हलव, त्याला हवा खेळायला जागा ठेव. पण आपल्याकडचा उन्हाळा काही तुला बदलता येणार नाही. व्होल्टेज मात्र पूर्णपणे तुझ्या हातात आहे.

आता तुझ्या टीपी4056 चार्जिंग मॉड्यूलकडे नीट बघ. सेल 4.2 व्होल्टवर आला, की चार्जिंगचा प्रवाह उतरत जातो आणि ठरवलेल्या प्रवाहाच्या एक दशांशावर आला की चार्जर थांबतो. 1 अँपिअरच्या मॉड्यूलमध्ये ही मर्यादा 100 मिलिअँपिअर. तुझा ईएसपी32 मायक्रोकंट्रोलर वाय-फाय सतत चालू ठेवून त्याच आउटपुटवरून याहून जास्त ओढत असेल, तर चार्जरला वाटतं सेल अजून भरतोच आहे. लाल दिवा जात नाही आणि सेल महिनोन्‌महिने 4.2 वरच ताणलेला राहतो. म्हणून अडॅप्टर चालू असताना भार थेट अडॅप्टरवर जाईल अशी पी-चॅनल मॉसफेट आणि शॉट्की डायोडची जोडणी कर. सेलचा व्होल्टेज ईएसपी32 लाच मोजायला लाव; 4.0 ला चार्जिंग तोड, 3.8 च्या खाली पुन्हा जोड. मॉड्यूलवरचा 1.2 किलोओहमचा रेझिस्टर काढून 2 किलोओहमचा लाव, म्हणजे प्रवाह सुमारे 580 मिलिअँपिअरवर येईल आणि चिपची उष्णताही जवळजवळ निम्मी होईल. ही चिप सेलला चिकटवून ठेवू नकोस.

तू म्हणशील, पूर्ण क्षमतेचे पैसे मोजले, मग थोडी रिकामी का ठेवायची? गमावतोस ती साधारण पाचवा हिस्सा क्षमता. लाइट जाते तेवढ्या तासांना उरलेली पुरते. उलट भरपूर चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या यंत्रात कमाल व्होल्टेज 4.2 वरून 4.1 वर आणला, तरी आवर्तनं ढोबळमानाने दुप्पट मिळतात. दुसरा आक्षेप, संरक्षण सर्किट आहेच की. पण त्यातलं डीडब्ल्यू01 वरच्या बाजूला 4.3 आणि खाली 2.4 व्होल्टच्या आसपास तोडतं. ते अपघात टाळण्यासाठी आहे, रोजची शिस्त त्याच्यावर सोपवता येत नाही. खालची सीमा तू 3.2 ला धर. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी हा सल्लाही तू ऐकला असशील. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला त्याने अपायच होतो, कारण फार खोल उतरलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळायला लागते आणि पुढच्या चार्जिंगला आतून शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

सेल स्वस्त आहेत, बदलून टाकू, हा शेवटचा युक्तिवाद मला सर्वांत कमकुवत वाटतो. नवे सेल घ्यायला लॅमिंग्टन रोडवर जाशील तेव्हा लक्षात ठेव, या मापाचे चांगले सेल 3500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबतात. वेष्टनावर 9900 छापलेलं असेल तर तो सेल हातात घेऊ नकोस. आणि काढलेला सेल जातो कुठे? 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी तो परत गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण तो घरच्या कचऱ्यात न टाकता टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात देणं तुझंच काम. कचऱ्याच्या गाडीत चेपलेला सेल पेट घेतो आणि त्याची झळ सफाई कामगाराला बसते. म्हणून सेल जास्त वर्षं टिकवणं ही मी कारागिराची जबाबदारी समजतो. जास्तीचे सेल 3.7 ते 3.8 व्होल्टवर, घरातल्या थंड कपाटात ठेव, दर तीन महिन्यांनी मोज, आणि प्रत्येकाची क्षमता तारखेसकट वहीत लिही. पुढच्या मे महिन्यात सेल कसा टिकला ते तुझ्या नोंदीच सांगतील. माझ्या शब्दापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेव.

तुझा,
काका